डुकराचे भ्रूण चार पेशींवर येऊन अडकतात, कल्चरमध्ये नक्की कुठं बिघडतंय?

नवी_पेट्री

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथं नुसती वाचतेय, आज पहिल्यांदाच धागा काढतेय कारण आता डोकंच चालेनासं झालंय. पीएचडीला आहे, विषय डुकराचे आयव्हीएफ भ्रूण, आणि गेले चार महिने गाडं एकाच जागी रुतलंय. अंडी कत्तलखान्यातून येणाऱ्या ओव्हरीमधून काढते, ४४ तास मॅच्युरेशन (अंडी पिकवणं), मग आयव्हीएफ, मग पीझेडएम-३ या मीडियात (भ्रूण वाढवायच्या द्रवात) कल्चर. दोन दिवसांनी बघते तेव्हा क्लीव्हेज छान असतं, शंभरातली सत्तर तरी विभागलेली असतात आणि मी खूश होऊन डिश परत आत ठेवते. चौथ्या दिवशी बघावं तर बहुतेक सगळी तिथंच, चार पेशींवर. पेशींच्या कडा धूसर झालेल्या, आतलं सगळं दाणेदार, काहींच्या बाजूला बारीक बारीक फुगे सुटल्यासारखे तुकडे पडलेले. शेवटी ब्लास्टोसिस्ट, म्हणजे पोकळी धरलेले भ्रूण, हाती लागतात शंभरात सात-आठ, तेही एवढेसे, नीट न फुगलेले.

मीडिया तीनदा ताजा बनवला, त्यातलं बीएसए प्रोटीन बदललं, ऑइल बदललं. गाईड म्हणतात जुन्या एनसीएसयू-२३ मीडियावर जाऊन बघ, लॅबमधली सीनियर म्हणते मेलॅटोनिन घाल. सगळंच करून बघायचं म्हटलं तर वर्ष जाईल. कुठनं सुरुवात करू सांगाल का?

कोशिका

आधी थोडं विचारते मग बोलते. ऑक्सिजन किती टक्के आहे? ड्रॉप केवढा आणि एका ड्रॉपमध्ये किती भ्रूण? स्पर्म ताजं की फ्रोझन, किती कॉन्सन्ट्रेशन, किती तास सोबत ठेवतेस? आणि सगळ्यात महत्त्वाचं, पार्थेनोचा, म्हणजे स्पर्मशिवाय विभागायला लावलेल्या अंड्यांचा, कंट्रोल लावतेस का?

नवी_पेट्री

ऑक्सिजन ५ टक्के, ट्रायगॅस इनक्युबेटर आहे. ड्रॉप २० मायक्रोलिटरचा, त्यात पंधराएक भ्रूण. सीमेन १७ डिग्रीला ठेवलेलं लिक्विड, मिलीलिटरला दहा लाख, सहा तास. पार्थेनो नाही लावत, आमचा विषय आयव्हीएफ आहे म्हणून कधी केलंच नाही.

जिज्ञासू_वाचक

मी या क्षेत्रातला नाही, पण वाचून प्रश्न पडला. डुकराचाच भ्रूण का? आणि चार पेशींवरच का अडकतात, तीनवर किंवा आठवर का नाही?

कोशिका

पहिल्या प्रश्नाचं थोडक्यात सांगते. डुकराचे अवयव आकाराने आणि कामाने माणसाच्या खूप जवळचे. जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेत मेरीलँड विद्यापीठात एका माणसाला डुकराचं हृदय बसवलं, त्या डुकराच्या १० जनुकांमध्ये बदल केलेले होते. असं जनावर जन्माला घालायचं तर भ्रूण प्रयोगशाळेतून जावाच लागतो, मग क्लोनिंग असो की भ्रूणातच थेट एडिटिंग. डुकराचं पहिलं क्लोनिंग २००० साली झालं. तेव्हापासून आजपर्यंत अडचण तीच आहे, शेकडो भ्रूण करावे तेव्हा थोडी पिल्लं.

दुसरा प्रश्न खरंच चांगला विचारलात. अंडं आईकडून शिदोरी घेऊन येतं, प्रोटीनं, आरएनए सगळं. पहिल्या दोन विभागण्या त्याच शिदोरीवर होतात, भ्रूणाची स्वतःची जनुकं तेव्हा जवळपास गप्प असतात. डुकरात ती जागी होतात चार पेशींच्या टप्प्यावर. उंदरात दोन पेशींवर, गायीत आठ ते सोळावर. म्हणून डुकराचा भ्रूण चार पेशींवर बराच वेळ थांबतो, आईच्या पोटातसुद्धा थांबतो, आणि साधारण त्याच सुमाराला ओव्हिडक्टमधून (बीजवाहिनीतून) गर्भाशयात उतरतो. म्हंजे एकाच वेळी शिदोरी संपायला आलीय, स्वतःचा कारभार सुरू व्हायचाय आणि घरही बदलायचंय. आधी झालेली प्रत्येक चूक तिथं बाहेर येते.

थेंब

कोशिकाताईंनी शेवटचं वाक्य लिहिलंय ते नवी_पेट्रीने कागदावर लिहून इनक्युबेटरला चिकटवावं असं मला वाटतं. चार पेशींवर अडकलं म्हणून चौथ्या दिवशीच्या मीडियात दोष शोधू नकोस, दोष तिथं दिसतो, झालेला असतो आधी. मी या कामात चौदा वर्षं आहे आणि त्यातली पहिली दोन-अडीच वर्षं मी नेमकं तेच केलं जे तू करतेयस, मीडिया बदलणं. एक डबी संपली की दुसरी. हाती काही आलं नाही, कारण माझ्या अंड्यातच दम नव्हता आणि ते मला कल्चरच्या सातव्या दिवशी कुणी सांगणार नव्हतं.

एनसीएसयू-२३ बद्दल तुझ्या गाईडना माझा विरोध नाही, त्या मीडियाने हे क्षेत्र उभं केलंय. पेटर्स आणि वेल्स यांनी तो १९९३ साली मांडला, त्यातलं टॉरिन, हायपोटॉरिन डुकराच्या भ्रूणाला मानवलं आणि पहिल्यांदा चार पेशींची भिंत बऱ्यापैकी पार व्हायला लागली. पण त्यात ग्लुकोज साडेपाच मिलिमोलर आहे आणि पहिल्या दोन दिवसांत भ्रूणाला ग्लुकोज फारसं नकोच असतं, त्याला हवं पायरुव्हेट आणि लॅक्टेट. २००२ साली दोन जपानी गटांनी हे फार सुंदर दाखवलं. किकुची यांच्या गटाने पहिले दोन दिवस पायरुव्हेट-लॅक्टेट आणि मग ग्लुकोजवाला मीडिया असं केलं आणि त्या ब्लास्टोसिस्टपासून पिल्लं मिळवली. योशिओका यांच्या गटाने ओव्हिडक्टच्या पाण्यात काय काय असतं ते धरून पीझेडएम बांधला, त्यात ग्लुकोज अजिबात नाही, पायरुव्हेट ०.२ मिलिमोलर, कॅल्शियम लॅक्टेट २, ग्लुटामिन १, हायपोटॉरिन ५, वर अमिनो ॲसिडं. तू पीझेडएम-३ वर आहेस म्हणजे बरोबर जागी आहेस, तिथनं मागं जाऊ नकोस.

आता काम. पुढच्या बॅचला अंडी मॅच्युअर झाली की त्यांचे दोन भाग कर. अर्धी आयव्हीएफला, अर्धी इलेक्ट्रिक पल्सने ॲक्टिव्हेट करून सायटोकॅलेसिनमध्ये ठेव म्हणजे डिप्लॉइड पार्थेनो मिळतील. दोन्ही त्याच मीडियात, त्याच दिवशी, त्याच इनक्युबेटरच्या त्याच फळीवर. पार्थेनोमध्ये स्पर्म नाही, त्यामुळे ते चांगले वाढले आणि आयव्हीएफवाले अडकले तर गडबड फर्टिलायझेशनमध्ये. दोन्ही अडकले तर अंडं किंवा कल्चर. चार महिन्यांचा प्रश्न एका आठवड्यात अर्धा होतो.

आणि मिलीलिटरला दहा लाख, सहा तास हे वाचून मला भीती वाटली खरं सांगायचं तर. मला पॉलिस्पर्मीचा, म्हणजे एका अंड्यात अनेक स्पर्म शिरल्याचा, दाट संशय आहे.

नवी_पेट्री

पण सर, पॉलिस्पर्मी असती तर क्लीव्हेज खराब नसतं का आलं? माझं तर सत्तर टक्के आहे.

थेंब

नाही ना, तिथंच सगळे फसतात. दोन स्पर्म शिरले, तीन शिरले तरी अंडं विभागतं, दिसायला चारच पेशी दिसतात. काही तर ब्लास्टोसिस्टपर्यंत जातात. क्लीव्हेज टक्का म्हणजे फक्त एवढंच की काहीतरी हललं. आत किती प्रोन्यूक्लियस (अंड्याचं एक आणि शिरलेल्या प्रत्येक स्पर्मचं एक केंद्रक) आहेत ते मोजल्याशिवाय त्या सत्तरला काही अर्थ नाही.

शरीरात अब्जावधींच्या संख्येने निघालेले स्पर्म ओव्हिडक्टमध्ये अडत अडत, थांबत थांबत पुढं येतात, अंड्यापाशी एका वेळी अगदी मोजके पोचतात. शिवाय ओव्हिडक्टच्या पाण्यातली प्रोटीनं झोनाला, म्हणजे अंड्याभोवतीच्या कवचाला, आधीच कणखर करतात. स्पेनमधल्या मुर्सियाच्या गटाने २००८ मध्ये दाखवलं की ओव्हिडक्टचं एक ग्लायकोप्रोटीन आणि हेपॅरिनसारखे रेणू मिळून हे काम करतात. आपण डिशमध्ये काय करतो, तर अंडं मधे ठेवतो आणि चारी बाजूंनी झुंड सोडतो. वर कॅफीन घालून त्यांना आणखी जोर देतो. एक शिरला की अंड्याने दार लावायचं असतं, पण प्रयोगशाळेत मॅच्युअर झालेल्या अंड्याचं दार लागेपर्यंत दुसरा-तिसरा आत आलेला असतो.

वैद्य_पशू

मी पशुवैद्यक, आमच्या गटात ओव्हरी आणायचं काम माझ्याकडे असतं म्हणून त्या बाजूने लिहितो, कारण प्रयोगशाळेतल्या लोकांचं या अर्ध्या तासाकडे लक्षच नसतं. डुकराचं अंडं थंडी सोसत नाही, १५ डिग्रीच्या खाली गेलं की नुकसान झालंच समजा. थर्मासमधलं सलाइन निघताना ३७ असतं, पण ओव्हरी भरभरून टाकल्या, झाकण चारदा उघडलं की पोचेपर्यंत ते किती उतरलं हे कुणी मोजतं का? आम्ही थर्मामीटरची वायर झाकणातून आत सोडून ठेवली तेव्हा कळलं की चूक वाटेत होत होती.

दुसरं, कत्तलखान्यात येतात त्या बहुतेक वयात न आलेल्या गिल्ट. त्यांच्या अंड्यापेक्षा विलेल्या मादीचं अंडं जास्त दमाचं असतं, हे बऱ्याच जणांनी पाहिलंय. ओव्हरीवर कॉर्पस ल्युटियम (अंडं सुटल्यावर उरणारी गाठ) दिसतंय का बघा, दोन्ही प्रकार एका बीकरमध्ये मिसळू नका, नाहीतर एका आठवड्याचा आणि दुसऱ्या आठवड्याचा आकडा कधीच जुळणार नाही. आणि उन्हाळ्याच्या कडक दिवसांत डुकरीणच नीट माजावर येत नाही, तेव्हाच्या अंड्यांकडून फार अपेक्षा धरू नका. फॉलिकल ३ ते ६ मिलिमीटरचे घ्या, त्याहून बारीक असलेले टोचायचा मोह टाळा. संख्या वाढते पण ती अंडी पुढं जात नाहीत.

कोशिका

वैद्य_पशू यांना पूर्ण अनुमोदन, आणि त्याला जोडून अंडी निवडताना. भोवती क्युम्युलस पेशींचे किमान तीन थर, घट्ट, आणि आतलं सायटोप्लाझम सगळीकडे सारखं काळं. डुकराचं अंडं काळं दिसतं म्हणून नवीन मुलं घाबरतात पण काळं असणं चांगलं, ती चरबी आहे. चट्टे पडल्यासारखे पांढरे डाग असलेली, अर्धवट उघडी अंडी सोडून द्यायची. मी नवीन असताना दीडशे अंडी मिळाली की दीडशेच्या दीडशे लावायचे, आता दीडशेतली सत्तर लावते आणि ब्लास्टोसिस्ट आधीपेक्षा जास्त येतात.

४४ तासांनी क्युम्युलस कसं फुललंय तेही बघ. चांगल्या बॅचमध्ये डिश हलवली की सगळा ढग एकत्र हलतो, चिकट, पारदर्शक, अंडी त्यात लटकल्यासारखी. नीट न फुललेली, तळाला चिकटून बसलेली असतील तर मॅच्युरेशन तिथंच फसलंय, पुढचे सात दिवस वाया घालवू नकोस.

गोठणबिंदू

त्या चरबीबद्दल थोडं, कारण माझं काम क्रायोचं, म्हणजे गोठवण्याचं. एका अंड्यात डुकराच्या साधारण १६१ नॅनोग्रॅम फॅटी ॲसिड निघतं, गायीच्या ६३ च्या आसपास. एवढी चरबी असल्यामुळे थंडी सोसत नाही आणि गोठवणं अवघड. १९९५ मध्ये नागाशिमा यांच्या गटाने भ्रूण सेंट्रिफ्यूज करून चरबी बाजूला काढली आणि मग ते गोठवून दाखवले, नेचरमध्ये आलं होतं.

ते इथं सांगायचं कारण असं की नवी_पेट्रीला प्रोन्यूक्लियस बघायचेत आणि काळ्या चरबीमुळे काहीच दिसणार नाही. दोन रस्ते आहेत. एक, आयव्हीएफनंतर बारा-पंधरा तासांनी वीसेक अंडी काढून ॲसेटिक ॲसिड-अल्कोहोल १:३ मध्ये दोन-तीन दिवस फिक्स कर आणि ॲसिटो-ऑर्सिनने रंगव. स्वस्त आणि खात्रीचा. दुसरा, जिवंत अंडी फिरव, बारा-पंधरा हजार जी, पाच-सात मिनिटं. सगळी चरबी एका कडेला चंद्रकोरीसारखी जमते आणि उरलेला भाग काचेसारखा स्वच्छ होतो, प्रोन्यूक्लियस साध्या मायक्रोस्कोपखाली मोजता येतात. पहिल्यांदा बघशील तेव्हा विश्वास बसणार नाही की हे तेच काळं अंडं आहे.

रसायन_रेखा

मेलॅटोनिनचा मुद्दा सोडून कसा देता? आम्ही घातलं तर फरक पडला. व्हिटॅमिन सी, सिस्टीन सगळंच उपयोगी आहे. ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस हेच डुकराच्या भ्रूणाचं मूळ दुखणं आहे असं माझं मत.

थेंब

रेखाताई, फरक पडतो, नाकारत नाही. मॅच्युरेशनमध्ये सिस्टीन तर मीही न चुकता घालतो, ग्लुटाथायोन वाढलं तरच स्पर्मचं डोकं आत जाऊन नीट उलगडतं. पण जिच्या बेसलाइनला ब्लास्टोसिस्ट सात-आठ आहेत तिने एक औषध घालून ते बारा झाले तर तिला वाटेल सापडलं, आणि खरा दोष आत तसाच राहील. आधी कंट्रोल सरळ करावा मग घालावं. माझं एवढंच म्हणणं.

रसायन_रेखा

हे मान्य. आमचा कंट्रोल आधीपासून बरा होता हे मी लिहायला हवं होतं.

नवी_पेट्री

तीन आठवडे गायब होते, सॉरी. सगळं केलं आणि आकडे घेऊन आलेय.

पार्थेनो लावले. एकाच दिवशीची अंडी, एकाच फळीवर. पार्थेनोमध्ये शंभरात बावीस ब्लास्टोसिस्ट, आयव्हीएफमध्ये नऊ. म्हंजे फर्टिलायझेशनमध्ये गडबड आहे हे नक्की, पण बावीस पण काही फार भारी नाही ना?

मग गोठणबिंदू सरांनी सांगितलं तसं अंडी फिरवून बघितली. खरंच चंद्रकोर झाली. आणि आत... एकात चार प्रोन्यूक्लियस, दुसऱ्यात पाच, मग एकात तीन. मी मोजत गेले आणि पोटात खड्डा पडत गेला. चोवीसपैकी फक्त सातात नीट दोन होते. चार महिने मी ज्या सत्तर टक्क्यांवर खूश होत होते त्यातली बहुतेक सुरुवातीपासूनच जाणार होती. त्या रात्री रडू आलं खरंच, पण दुसऱ्या दिवशी हलकंही वाटलं की निदान कळलं तरी.

कोशिका

रडू नकोस गं, चार महिन्यांत कळलं हे लवकरच आहे. आता स्पर्म कमी कर, वेळ कमी कर. दहा लाखावरून तीन लाख, दोन लाख, एक लाख अशा पायऱ्या लाव. आणि प्रत्येक बोअरचं (नर डुकराचं) स्पर्म वेगळं वागतं, एकाला दोन लाख पुरतात, दुसऱ्याला लागत नाहीत इतके, म्हणून एका बोअरवर ठरवलेला आकडा दुसऱ्याला लावू नकोस. अजून एक युक्ती, अंडी स्पर्मसोबत दहा मिनिटं ठेवायची आणि मग उचलून स्पर्म नसलेल्या आयव्हीएफ मीडियात. झोनाला जे चिकटलेत तेवढेच सोबत जातात, बाकीची झुंड मागे राहते.

थेंब

शाब्बास. आणि तुझा दुसरा प्रश्न बरोबर आहे, पार्थेनोचे बावीस म्हणजे कल्चरमध्येही गळती आहे. मला तुझा तो २० मायक्रोलिटरचा ड्रॉप पहिल्या दिवसापासून खुपतोय. ड्रॉप बनवतेस कसे ते अगदी बारीकसारीक लिही, हात कुठं असतो, ऑइल कधी टाकतेस, सगळं.

नवी_पेट्री

लॅमिनार हूडमध्ये, वॉर्म स्टेजवर डिश ठेवते. एका डिशमध्ये बारा ड्रॉप, सहा डिश. सगळ्या डिशमधले ड्रॉप टाकून झाले की मग ऑइल आणते आणि एकेक करून ओतते. मग रात्रभर इनक्युबेटरमध्ये इक्विलिब्रेट.

थेंब

सापडलं बहुतेक. पहिला ड्रॉप टाकल्यापासून त्यावर ऑइल पडेपर्यंत किती मिनिटं जातात? बहात्तर ड्रॉप आहेत, दहा मिनिटं तरी. वरून हूडचा वारा, खालून गरम स्टेज, आणि ड्रॉप वीस मायक्रोलिटरचा. पाणी उडतं, मीठ तिथंच राहतं. तू बाटलीतल्या मीडियाची ऑस्मोलॅरिटी (क्षारांची तीव्रता) २८८ मोजतेस, पण भ्रूण ज्या थेंबात राहतोय तो तीनशेच्या पुढं गेलेला असू शकतो. भ्रूणाच्या पेशीला ते सोसावं लागतं, सगळी शक्ती पाण्याचा तोल सांभाळण्यात जाते. पहिल्या डिशचे भ्रूण आणि शेवटच्या डिशचे भ्रूण वेगळे वागतात का हे तू कधी बघितलंयस का?

यापुढं स्टेज बंद, डिश खोलीच्या तापमानाला. एका वेळी एकच डिश. ड्रॉप ५० किंवा १०० मायक्रोलिटरचा. शेवटचा ड्रॉप पडला की लगेच ऑइल, मग पुढची डिश हातात घ्यायची. मी आधी थोडं ऑइल असलेल्या डिशमध्येच ड्रॉप सोडतो, तेही चालतं.

गोठणबिंदू

ऑइलचंही एक. बाटली उजेडात आणि उन्हाजवळ ठेवू नका, पेरॉक्साइड तयार होतात आणि ते भ्रूणाला विषासारखे. नवीन बाटली आली की त्यावर आधी पार्थेनोची एक बॅच चालवून बघायची, मगच मोलाची अंडी त्यात. बीएसएच्या लॉटचं तेच. आणि इनक्युबेटरवर सीओटू ५ लिहिलंय म्हणून विश्वास ठेवू नका, इक्विलिब्रेट झालेल्या मीडियाचा पीएच प्रत्यक्ष मोजा.

कोशिका

ग्लुटामिन विसरू नका कुणी. घातलेला मीडिया महिनाभर फ्रिजमध्ये ठेवून वापरणारे मी पाहिलेत. ते मोडून अमोनिया होतो, ३७-३८ डिग्रीला तर भराभर. आम्ही एक तर आठवड्याला ताजा करतो नाहीतर न मोडणारं डायपेप्टाइडवालं वापरतो. आणि पीझेडएम बनवताना कॅल्शियम लॅक्टेट वेगळं विरघळवून अगदी शेवटी, ढवळत ढवळत घालायचं. घाईत फॉस्फेट-बायकार्बोनेटमध्ये टाकलं की बारीक गढूळपणा येतो, फिल्टर केल्यावर मीडिया स्वच्छ दिसतो पण कॅल्शियम फिल्टरवर राहिलेलं असतं.

वैद्य_पशू

एवढं वाचल्यावर मला विचारायचंय, तुम्ही लोक सारखं टक्क्यावर बोलता, पण आम्हाला ट्रान्सफर करायचे भ्रूण मिळतात ते जेमतेम तीस-चाळीस पेशींचे. डुकरिणीत गर्भ टिकायला साधारण किमान चार भ्रूण अकराव्या-बाराव्या दिवशी जिवंत असावे लागतात, तेव्हा ते लांबुळके होऊन आईला इस्ट्रोजेनचा निरोप देतात. तिथवर हे पोचतच नाहीत. मग ब्लास्टोसिस्ट पंधरा टक्के काय आणि तीस टक्के काय?

थेंब

डॉक्टर, यासाठी तुमचे आभार मानतो. टक्का हा फसवा आकडा आहे. पोकळी दिसली की ब्लास्टोसिस्ट म्हणून खूण करायची, ती पोकळी पंचवीस पेशींची आहे की सत्तरची ते कुणी बघत नाही. होएक्स्ट या रंगाने रंगवून न्यूक्लियस मोजायचे, जमल्यास आतल्या पेशींचा गठ्ठा आणि बाहेरचा थर वेगळे रंगवायचे. बाहेरचा थर पातळ आणि आतला गठ्ठा दोन-तीन पेशींचा असेल तर ट्रान्सफर करून मादीला उगाच त्रास द्यायचा.

पेशी वाढवायला काय केलं तर उपयोग होतो हे विचाराल तर मी दोन गोष्टी सांगेन आणि दोन्ही मिसुरी विद्यापीठाच्या गटाकडून आलेल्या आहेत. एक, त्यांनी शरीरातले आणि डिशमधले ब्लास्टोसिस्ट यांच्यातली जनुकं कशी वेगळी चालतात ते शेजारी ठेवून बघितलं. डिशमधल्या भ्रूणात आर्जिनिन आत ओढणारं जनुक फार जोरात चाललेलं दिसलं, म्हणजे भ्रूण भुकेला होता, आणि कशाचा भुकेला तेच सांगत होता. त्यांनी मीडियात आर्जिनिन वाढवलं आणि भ्रूण सुधारले. मला ही पद्धत फार आवडते, अंदाजाने औषधं घालण्याऐवजी भ्रूणालाच विचारायचं.

दुसरी गोष्ट २०१७ ची. एफजीएफ२, एलआयएफ आणि आयजीएफ१ ही पेशींना संकेत देणारी तिन्ही प्रोटीनं एकत्र, ४०, २० आणि २० नॅनोग्रॅम मिलीलिटरला. कल्चरमध्ये नाही, मॅच्युरेशनमध्ये. जनुक बदललेली पिल्लं मिळण्याचं प्रमाण चौपट झालं असं त्यांनी लिहिलं. एकेकटं घातलं तर एवढं होत नाही, तिन्ही लागतात. बघा, सगळ्यात मोठी उडी भ्रूण तयार व्हायच्या आधीच्या ४४ तासांतून आली.

नवी_पेट्री

दीड महिन्याने परत आले, धागा वर काढतेय कारण तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाहीये.

स्पर्म दोन लाखांवर आणलं, सहा तासांऐवजी दहा मिनिटं आणि मग स्वच्छ मीडियात. क्लीव्हेज सत्तरवरून पंचावन्नवर उतरलं, गाईड थोडे नाराज झाले, मी त्यांना प्रोन्यूक्लियसचे फोटो दाखवले. आता निम्म्याहून जास्त अंड्यांत दोनच असतात. ड्रॉप ५० चे केले, स्टेज बंद, डिश एकेक. थर्मासमध्ये थर्मामीटर सोडला तर पोचेपर्यंत सलाइन २४ वर उतरत होतं, आता थर्मासला जाड कापड गुंडाळतो आणि ओव्हरी कमी भरतो. बाकी मीडिया तोच, पीझेडएम-३. एक थेंबही औषध घातलेलं नाही.

मागच्या बॅचला आयव्हीएफमध्ये शंभरात एकवीस ब्लास्टोसिस्ट आले. पण मला सांगायचंय ते वेगळंच. सातव्या दिवशी सकाळी डिश काढली तर एका ड्रॉपमध्ये एक भ्रूण झोना फोडून अर्धा बाहेर आलेला होता, आठच्या आकड्यासारखा, मधे आवळलेला, आतला गठ्ठा एका बाजूला स्पष्ट. मी कधी बघितलंच नव्हतं माझ्या डिशमध्ये. मायक्रोस्कोपचा दिवा कमी करून लगेच परत आत ठेवला, संध्याकाळी बघितलं तर पूर्ण बाहेर आणि शेजारी रिकामी झोना, फाटलेल्या फुग्यासारखी.

कोशिका

वाचून अंगावर काटा आला. फोटो काढलास ना?

थेंब

फार आनंद झाला. पेशी मोजल्यास का?

नवी_पेट्री

फोटो काढला ताई. पेशी मोजल्या सर, त्या बॅचमधले दहा रंगवले. सगळ्यात कमी अठ्ठावीस, सगळ्यात जास्त त्रेसष्ट. त्यातही पहिल्या डिशचे आणि शेवटच्या डिशचे वेगळे लिहून ठेवले, तुम्ही विचारलं होतं म्हणून. आता फरक नाहीये त्यांच्यात.

पुढं आर्जिनिन आधी करू की मॅच्युरेशनमधले ते तीन?

थेंब

मॅच्युरेशन आधी. आणि त्याच अंड्यांचे पार्थेनो प्रत्येक वेळी शेजारी ठेव.

वैद्य_पशू

आणि ओव्हरी गिल्टच्या की विलेल्या मादीच्या, ते वहीत लिही प्रत्येक बॅचला.

नवी_पेट्री

लिहितेय. उद्या सकाळी सहाला ओव्हरी येतायत, विलेल्या माद्यांच्या, वेगळ्या थर्मासमध्ये.